चार लाख जाती आणि एक पापलेट

प्रति,
माननीय मंत्री,
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

महाराष्ट्रात जाती किती? केंद्र सरकारने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिले, त्यात या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. सरकारी याद्यांनुसार ४९४. आणि २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातगणनेत घरोघर फिरून जे टिपून आणले, त्यानुसार ४,२८,६७७. देशभरातला आकडा तर ४६ लाखांच्या पुढे गेला. १९३१ च्या जनगणनेत तो ४,१४७ होता. राज्यात नोंदल्या गेलेल्या या लाखो ‘जातीं’पैकी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक अशा निघाल्या, की त्यांतल्या एकीतही शंभर माणसे नव्हती.

ऐंशी वर्षांत जातींना एवढी पालवी फुटली असे कोणी म्हणणार नाही. प्रगणक दारात उभा राहिला. कुणी जात सांगितली, कुणी पोटजात, कुणी कूळ, कुणी नुसते आडनाव सांगून मोकळा झाला, आणि ऐकणाऱ्याने कानाला लागले तसे लिहिले. एका अक्षराचा फरक पडला की यंत्राने नवी जात धरली. ही आकडेवारी वापरण्याजोगी नाही, असे अखेर सरकारलाच न्यायालयात सांगावे लागले. २०२७ च्या जनगणनेत पुन्हा जात विचारली जाणार आहे.

जनगणना आपल्या खात्याची नव्हे, हे ठाऊक असूनही पत्र आपल्याच नावे आहे. कारण त्या गोंधळाचे मूळ मोजणीत नव्हते, नावांत होते. माणसांची, गावांची, झाडांची, पाखरांची, मासळीची मराठी नावे एकाच खात्याच्या ताब्यात नाहीत. महसूल, वन, मत्स्यव्यवसाय, रेल्वे, टपाल, जो तो आपल्या गरजेपुरती लिहितो आणि पुढे जातो. भाषेच्या कारभारात इतर गोष्टी मात्र झालेल्या आहेत. भाषा संचालनालयाकडे पदनाम कोश आहे, शासन व्यवहार कोश आहे, विषयवार परिभाषा कोश आहेत. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने तर मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ कोणत्या वळणाने काढायचा हेही ठरवून दिले. वळण ठरले. त्याच अक्षरांनी एखाद्या वाडीचे किंवा माशाचे नाव काय लिहायचे, हे मात्र ज्याच्या हाती कळफलक त्याच्या मर्जीवर राहिले.

मासळीपासूनच सुरुवात करू. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. हाच सरंगा, आणि हाच चंदवा. मुंबईत जी कोळंबी, ती मालवणात आणि गोव्यात सुंगटे. इकडे मुशी, तिकडे मोरी. कुणाच्या तिसऱ्या, तर कुणाच्या शिवल्या. खवय्यांना यात गंमत वाटते आणि ती आहेच. पण त्याच वर्षी लहान मासळी वाचवण्यासाठी राज्याने ५४ प्रजातींचे किमान आकार ठरवले: यापेक्षा लहान मासा धरायचा नाही. नियम चांगला आहे, उशिरा आला एवढेच. आता बंदरावर तो राबवणारा परवाना अधिकारी, जाळे ओढणारा खलाशी आणि पाटी घेऊन बसलेली कोळीण हे तिघे एकाच माशाला तीन नावांनी ओळखत असतील, तर वाद मापपट्टी बाहेर काढण्याआधीच सुरू होणार.

शास्त्रीय नाव वापरा म्हणजे प्रश्न मिटला, असे सांगणारे भेटतात. पापलेटाचे शास्त्रीय नाव वर्षानुवर्षे ‘पाम्पस अर्जेन्टियस’ असे शिकवले गेले. अलीकडच्या संशोधनाने आपल्या बाजूच्या समुद्रातला पापलेट वेगळा काढून त्याचे ‘पाम्पस कॅन्डिडस’ हे जुने नाव पुन्हा पुढे आणले. लॅटिनही फिरते, कोळीवाड्यातला सरंगा सरंगाच राहतो.

मासा निदान हातात घेऊन ओळखता येतो. झाडपाल्याची तऱ्हा याहून अवघड. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी शहराच्या कोणत्याही मंडईबाहेर ‘सोन्या’चे ढीग लागतात आणि आपटा म्हणून त्यातली कितीतरी पाने कांचनाची असतात. दोन्ही झाडे एकाच वंशातली, दोघांचीही पाने मध्ये दुभंगलेली. पण आपट्याचे पान लहान, जाड, हाताला खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचे मोठे, पातळ आणि मऊ. विकणाऱ्याला फरक कळतो, घेणाऱ्याला कळत नाही. फांद्या मात्र दोन्ही झाडांच्या ओरबाडल्या जातात.

सणाचे एकवेळ सोडून देऊ, औषधाचे कसे सोडायचे? अशोकारिष्टाला सीतेचा अशोक लागतो. सोसायट्यांच्या कुंपणाला लावलेला सरळसोट अशोक हे निराळेच झाड. त्याची साल खऱ्या सालीत भेसळ म्हणून सापडते, आणि नाव सारखे असल्याने फसवणाऱ्याला खोटेही बोलावे लागत नाही. आपल्याकडे कुंडीत ब्राह्मी म्हणून जी गोल पानांची वेल वाढवतात आणि तेलात उकळतात, तिला आयुर्वेदाची अधिकृत औषधिसंहिता मंडूकपर्णी म्हणते. संहितेच्या लेखी ब्राह्मी म्हणजे पाणथळ जागेतली, बारीक मांसल पानांची दुसरीच वनस्पती. बाजारात ‘तांबडे नागकेशर’ मागावे तर हाती पडतात सुरंगीच्या वाळक्या कळ्या. सिंधुदुर्गात ज्या सुरंगीचे वळेसर माळतात, तीच ही. गजऱ्याचे फूल औषधाच्या पुडीत नागकेशराच्या नावाने शिरले आहे.

हे निस्तरणे आवाक्याबाहेरचे आहे असे मानायचे कारण नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने ते करून दाखवले. कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलबारिकुस’ हा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात तो अ‍ॅमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. त्यात ७४२ वनस्पती आहेत. माहिती दिली ती इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित व आपूभट या तीन कोंकणी वैद्यांनी. चित्रफलकांवर वनस्पतीचे नाव रोमी, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत कोरलेले दिसते. या तिघा कोंकणी वैद्यांनी १६७५ साली दिलेला दाखलाही पहिल्या खंडात नागरी लिपीत, त्यांच्या नावांनिशी छापला आहे. व्हान ऱ्हेडेने फार मोठी भाषाशास्त्रीय मोहीम काढली नव्हती. ज्याला झाड ठाऊक आहे त्याला विचारले, त्याच्या तोंडचे नाव त्याच्या लिपीत लिहिले आणि सांगणाऱ्याचे नाव गाळले नाही. आजही याहून वेगळी पद्धत लागत नाही.

आपल्याकडे त्या पद्धतीचा रकाना कायद्यानेच तयार झाला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत समिती हवी, आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही करायची. त्या नोंदवहीत शास्त्रीय नावाशेजारी ‘स्थानिक नाव’ असा रकाना असतो. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली, आणि पुढे राज्याला दरमहा दहा लाखांच्या भरपाईची तंबी. अशी मुदत डोक्यावर आली की सरकारी कागद कसे भरतात हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. खरे तर वहीतला हाच रकाना सर्वांत मोलाचा. शास्त्रीय नाव पुस्तकात सापडेल. त्या वाडीत रानभाजीला काय म्हणतात, हे वाडीतली म्हातारी गेल्यावर कुठेही सापडणार नाही.

प्रमाण नाव ठरवले की बाकीची मरतात, अशी भीती बोलून दाखवली जाते. ती अगदी खोटी नाही. मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेच्या ‘बुसेरॉस’ या पत्रिकेने २००१ साली भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांची प्रमाणित इंग्रजी नावे प्रसिद्ध केली, तेव्हा जुन्या नावांवर जीव जडलेल्या पक्षिनिरीक्षकांनी नाके मुरडली. मराठीत मारुती चितमपल्लींनी ‘पक्षीकोशा’त वेगळा मार्ग धरला. आयुष्य जंगलखात्यात काढलेल्या या माणसाने आदिवासी, पारधी, मासेमार यांच्या तोंडची नावे टिपून ठेवली. भारद्वाजाचेच पाहा. कुंभारकावळा, कुकुडकोंबा, सोनकावळा, सगळी एकाच पक्ष्याची नावे. यादीत मुख्य नाव भारद्वाज ठेवायला हरकत नाही. पण एखाद्या शाळकरी पोराने कुकुडकोंबा असे टंकले तर यादीने त्याला ‘असा पक्षी नाही’ असे उत्तर देता कामा नये. नवे नाव घडवायचेच असेल तर तेही चांगले घडू शकते. पंखाखाली पिवळा नि लाल रंग मिरवणाऱ्या फुलपाखराला मराठीत हळदीकुंकू म्हणतात. एकदा ऐकले की नाव आणि फुलपाखरू दोन्ही लक्षात राहतात. हे इंग्रजीतून उचलून आणलेल्या नावाला कधी साधेल असे वाटत नाही.

गावांकडे वळले की दुखणे बदलते. इथे नावे गोळा झालेली आहेत, ती रोमी लिपीच्या गाळणीतून. विल्यम हंटर यांनी एकोणिसाव्या शतकात बसवलेली लिप्यंतराची पद्धत आजही सरकारी नकाशांचा आधार आहे. त्या काळाच्या मानाने ती मोठीच सुधारणा होती, कारण त्याआधी गोऱ्या शिपायाच्या कानाला जे लागेल ते कागदावर येई. १७७९ चे वडगाव इंग्रजी कागदांत ‘वरगाम’ होते, १८०३ चे अडगाव ‘अरगाम’ आणि १८१७ ची खडकी ‘किर्की’. पण हंटरच्या पद्धतीतही, विशेषतः खुणा गाळून ती वापरली की, ‘ल’ आणि ‘ळ’ एक होतात, ‘न’ आणि ‘ण’ एक, ‘त’ आणि ‘ट’ एक. मराठी गाव रोमीत गेले की अर्धे अंग गमावते, आणि तिथून परत देवनागरीत आणले की परकेच होऊन येते. लोणावळ्याचे ‘लोनावला’, टिटवाळ्याचे ‘टिटवाला’, जळगावचे ‘जलगांव’ याच रस्त्याने झाले. पाचगणीला ‘पंचगनी’ म्हणणारे पर्यटक महाराष्ट्राबाहेरचेच असतात असेही नाही.

मध्य रेल्वेच्या एका स्थानकाच्या फलकावर शीव आणि सायन ही दोन्ही नावे एकाखाली एक आहेत. रोज लाखो माणसे तो फलक पाहतात आणि कुणाचीही गाडी चुकत नाही. या फलकाचे फारसे कौतुक होत नाही, पण चांगल्या नोंदीचा तो नमुना आहे: दोन नावे, दोन्ही चालू, आणि जागा एकच. गोव्यात तेच काम अंगवळणी पडले आहे. तिथल्या माणसाला डिचोली आणि ‘बिचोलिम’, साखळी आणि ‘सांकेलिम’, पेडणे आणि ‘पेर्नेम’ ही एकाच गावाची नावे आहेत हे सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते बाहेरून आलेल्याला आणि त्याच्या फोनमधल्या नकाशाला.

मग सारख्या नावांची गावे. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव बुद्रुक आहे, वडगाव खुर्द आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव मावळ आहे. बुद्रुक-खुर्द हा जुना, सोपा आणि नेटका उपाय होता. कार्यालयांनी त्याचे ‘बु.’ आणि ‘खु.’ केले, रोमीत ते ‘बी.के.’ आणि ‘के.एच.’ झाले, आणि आता ती गावाच्या पाटलाची आद्याक्षरे वाटतात. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक आहे. तो नावाला जोडला, तर दोन वडगावांची गल्लत होण्याचे कारण उरत नाही. क्रमांक तयार आहे. नाव नीट नाही.

नाव बदलण्याची वाट मात्र रुळलेली आहे. त्यासाठी केंद्रीय गृहमंत्रालयाची १९५३ पासूनची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. रेल्वे, टपाल आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे मत घेतले जाते. १९९५ ला मुंबई, २०२३ ला छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, २०२४ ला अहिल्यानगर. त्या वादांत शिरण्याचे इथे कारण नाही. एवढेच नोंदवावेसे वाटते, की एका जिल्ह्याचे नाव बदलायला जेवढी सभा-भाषणे झाली, त्याच्या शतांश कष्टांत त्या जिल्ह्यातल्या सगळ्या वाड्यांची चालू नावे बिनचूक लिहून झाली असती. संयुक्त राष्ट्रांच्या भौगोलिक नावांविषयीच्या पहिल्या परिषदेने, जिनिव्हात १९६७ साली, प्रत्येक देशाला हेच सांगितले होते: नावांसाठी कायमची यंत्रणा ठेवा, आणि नावे प्रत्यक्ष जागेवर जाऊन गोळा करा.

माणसांच्या नावांचे हाल सर्वांत जास्त, कारण तिथे पैसे अडकतात. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. आधारवर नाव दोन लिप्यांत असते. एक टंकायचे, दुसरे यंत्राने करून घ्यायचे. काळे रोमीतून फिरून ‘काले’ होतात, माळी ‘माली’. ज्ञानेश्वराचे मराठी वळणाचे रोमी स्पेलिंग यंत्राने उलटे वाचले की ‘द्न्यानेश्वर’ असे जे काही पडद्यावर उमटते ते वाचून हसावे की रडावे कळत नाही. इकडे सातबाऱ्यावर तोच माणूस ‘ज्ञानोबा ऊर्फ माउली’. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, बँकेत शेवटी. सातबाऱ्यावर आनंदराव, आधारवर आनंदा. लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव बदलले तर तिच्या माहेरच्या जमिनीतले नाव तिचेच आहे हे तिनेच सिद्ध करायचे. त्यात मार्च २०२४ च्या निर्णयाने ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी घालणे सक्तीचे झाले. निर्णय स्वागतार्हच. पण तीन शब्दांसाठी आखलेल्या रकान्यात आता चार शब्द येणार, आणि कोणता शब्द कोणत्या घरात हे प्रत्येक खिडकीवरचा कारकून आपल्या समजुतीने ठरवणार.

तेव्हा मागणी अशी. आपल्या विभागाने एक नामसूची हाती घ्यावी, सर्वांना मोफत पाहता येईल आणि उतरवून घेता येईल अशी. तिच्यात गावाची, वाडीची, वनस्पतीची, पक्ष्याची, माशाची नोंद आधी देवनागरीत व्हावी आणि रोमी रूप त्यावरून बनावे. उलट कधीही नाही. मुख्य रूप एक आणि चालू पर्याय जेवढे सापडतील तेवढे, प्रत्येकापुढे तो कोणत्या भागात चालतो आणि कोणी सांगितला. शक्य तिथे बोललेला आवाज. माणसांची नावे अर्थातच या सूचीत टाकायची नाहीत, ती खासगी गोष्ट आहे. त्यांच्यासाठी हवा आहे नावाआडनावांच्या नेहमीच्या मराठी रूपांचा आणि त्यांच्या रोमी पर्यायांचा तक्ता, जो आधारपासून सातबाऱ्यापर्यंत प्रत्येक संगणकप्रणालीने तपासावा. काळे आणि काले यांत एकच माणूस असू शकतो, एवढे यंत्राला कळले तरी तहसील कचेरीतल्या अर्ध्या रांगा ओसरतील. जनगणनेच्या प्रगणकाच्या हातात जातींच्या रूढ पर्यायांची अशीच यादी पडली, तर चार लाखांचा विनोद पुन्हा घडणार नाही.

दोन पथ्ये मात्र पाळायला हवीत. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकायचे ठरवले. ‘जुनी नावे जपा’ या सबबीखाली ती कोणी मागच्या दाराने सूचीत आणू नयेत. इतिहासाच्या अभ्यासकाला ती दप्तरात मिळतील, पत्त्यावर नकोत. दुसरे पथ्य गोंडी, कोरकू, भिली, वारली बोलणाऱ्यांविषयी. रोमीने मराठीवर जो अन्याय केला तोच मराठीने त्यांच्या डोंगरांवर आणि ओढ्यांवर करू नये. त्या नावांत मराठीत नसलेला उच्चार असेल तर तो दाखवण्याची खूण ठरवावी; नाव ‘शुद्ध’ करू नये.

सगळे राज्य एकदम नको. समित्या नेमण्यातच कारकीर्द संपते. एक तालुका समुद्राकाठचा आणि एक जंगलातला घेऊन सुरुवात करता येईल, समजा मालवण आणि मेळघाटातले धारणी. मालवणचे रकाने मासळीच्या लिलावाच्या वेळी बंदरावर बसून भरावेत आणि धारणीचे कोरकू बोलणाऱ्या शिक्षकांना मानधन देऊन. दोन्ही तालुक्यांतल्या जैवविविधता नोंदवह्या आधी मागवून घ्याव्यात, त्यातला ‘स्थानिक नाव’ हा रकाना किती ठिकाणी कोरा आहे ते मोजावे, आणि तो आकडा विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक मराठी वाचक